दोन कीटकनाशकांची ताकद कशी तोलायची: एलसी५० पासून सापेक्ष क्षमतेपर्यंत, पायरीपायरीने

कीटकशास्त्रातल्या एम.एस्सी.च्या प्रबंधांत एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे सात-आठ कीटकनाशकं, शेजारी प्रत्येकाचं एलसी५० (निम्म्या किडी मारणारी तीव्रता), शेवटच्या रकान्यात ‘रिलेटिव्ह टॉक्सिसिटी’ आणि त्यावरून लावलेला क्रम. ज्याचं एलसी५० सगळ्यांत कमी, ते पहिलं. खाली एक वाक्य: अमुक कीटकनाशक सर्वांत प्रभावी आढळलं. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातला फरक खरा आहे, की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या अळ्या घेतल्या असत्या तर क्रम उलटला असता, याचं उत्तर मात्र त्या तक्त्यात बहुतेक वेळा नसतं.

पहिल्यांदाच बायोअसे, म्हणजे जिवंत किडींवर औषधाची ताकद मोजण्याची चाचणी, करायला बसणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच: तुलना दोन आकड्यांची नसते, तीव्रतेबरोबर मरतूक कशी वाढते ते दाखवणाऱ्या दोन रेषांची असते, आणि तिचं उत्तर म्हणजे एक गुणोत्तर आणि त्याच्या दोन बाजूंच्या मर्यादा. हे साधायला गणित फार लागत नाही. बारावीपर्यंतचा लॉग आठवत असला की पुरे. लक्ष जास्त लागतं ते गणिताच्या आधीच्या कामाला.

एलसी५० म्हणजे ठरलेल्या वेळात निम्म्या किडी मारणारी तीव्रता. द्रावण थेंबाने थेट किडीच्या पाठीवर दिलं तर प्रत्येक किडीला किती औषध मिळालं ते कळतं, म्हणून तिथे एलडी५० म्हणतात. पानावर, अन्नात किंवा पाण्यात औषध असेल तर किडीच्या अंगात नेमकं किती गेलं ते कळत नाही, म्हणून एलसी५०. पुढचा हिशोब दोन्हींना सारखाच लागू आहे.

पायरी १: तुलना कशाची, ते आधी ठरवा

दोन्ही कीटकनाशकांसाठी कीड एकच हवी, तिची अवस्था एकच हवी, अळ्या एकाच पिढीतल्या हव्यात आणि काम एकाच दिवशी व्हायला हवं. ‘अ’ची चाचणी जूनमध्ये आणि ‘ब’ची ऑगस्टमध्ये केली, तर तुम्ही औषधांबरोबर जून-ऑगस्टचीही तुलना करत असता, आणि कोणतंही सॉफ्टवेअर हे दोन फरक वेगळे काढून देत नाही.

वेळेचा प्रश्न नवख्यांना सगळ्यांत जास्त फसवतो. क्विनॉलफॉससारखं मज्जासंस्थेवरचं जुनं औषध आपलं काम २४ तासांत दाखवून मोकळं होतं. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल दिलेली अळी लवकरच खायची थांबते, पण मरायला तिला दोन-तीन दिवस लागू शकतात. लुफेन्यूरॉन तर कात टाकण्यातच बिघाड करतं, म्हणजे पुढची कात येईपर्यंत अळी बरी दिसते. तिघांची मरतूक २४ तासांनी मोजली, तर लुफेन्यूरॉन निकामी ठरेल. म्हणून सगळ्यांत हळू औषधाला पुरेल एवढी वेळ ठरवा आणि तीच सगळ्यांना लावा, किंवा निकाल लिहिताना वेळ ठळकपणे सांगा. नुसतं ‘एलसी५०’ लिहिणं अपुरं आहे, ‘७२ तासांचं एलसी५०’ असं लिहा.

तीव्रता नेहमी क्रियाशील घटकाची धरा, बाटलीतल्या मालाची नाही. ५ एसजी (५ टक्के घटकाचे विरघळणारे दाणे) आणि २५ ईसी (२५ टक्के घटकाचं पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण) ही उत्पादनं मिलिलिटर-ग्रॅममध्ये ताडून पाहण्यात अर्थ नाही.

पायरी २: द्रावणं

एमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी घ्या. १०० ग्रॅम मालात ५ ग्रॅम क्रियाशील घटक असतो. २०० मिलिग्रॅम माल १०० मिलि पाण्यात विरघळवला की त्यात १० मिलिग्रॅम घटक आला, म्हणजे १०० पीपीएमचं (लिटरला १०० मिलिग्रॅम) मूळ द्रावण तयार झालं. त्यातले १६ मिलि घेऊन १०० मिलि केले की १६ पीपीएम. पुढे दर वेळी निम्मं करत जा: ८, ४, २, १.

निम्मं-निम्मं का? किडीवर औषधाचा परिणाम पटीत वाढतो, बेरजेत वाढत नाही. १ चे २ पीपीएम झाले की जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच ८ चे १६ झाल्यावर पडतो. म्हणून तीव्रता लॉगवर सारख्या अंतराने ठेवायच्या. १, २, ३, ४, ५ अशी चढण घेऊ नका.

टेक्निकल ग्रेडचं, म्हणजे जवळजवळ शुद्ध, औषध ॲसिटोनमध्ये विरघळवलं असेल, तर कंट्रोललाही तेवढंच ॲसिटोन द्या. एरंडाच्या किंवा कोबीच्या मेणचट पानावरून पाणी ओघळून जातं, म्हणून ट्रायटन एक्स-१०० सारखा पसरवणारा पदार्थ किंचित घालतात. तोही कंट्रोलमध्ये त्याच प्रमाणात हवा. कंट्रोल म्हणजे औषध सोडून बाकी सगळं.

पायरी ३: आधी अंदाज घ्या

मुख्य चाचणीआधी थोड्या अळ्यांवर दहापटीच्या अंतराने तीन-चार तीव्रता वापरून बघा: ०.१, १, १०, १०० पीपीएम. कुठे एकही मरत नाही आणि कुठे सगळ्याच मरतात, ते कळलं की मधला पट्टा हाती येतो. त्या पट्ट्यात पाच ते सात तीव्रता बसवा.

ज्या तीव्रतेला सगळ्या मेल्या किंवा एकही मेली नाही, ती रेषेबद्दल फार थोडं सांगते. एलसी५० नेमकं हवं असेल, तर दोन-तीन तीव्रता तरी २५ ते ७५ टक्के मरतुकीच्या दरम्यान पडल्या पाहिजेत. एलसी९० हवं असेल, तर वरच्या बाजूला, ७५ ते ९५ च्या दरम्यानही बिंदू हवेत. सगळे बिंदू मधोमध घेऊन एलसी९९ छापणारे प्रबंध मी पाहिले आहेत. त्या आकड्याच्या मर्यादा पाहिल्या तर तो छापण्याजोगा नाही, हे लगेच कळतं.

अळ्या किती? कंट्रोल सोडून एका औषधासाठी एकूण १२० च्या खाली जाऊ नका. २०० ते २४० असल्या तर उत्तर भरवशाचं येतं.

पायरी ४: प्रत्यक्ष चाचणी

तंबाखूवरची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, ही आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास वाढवली जाते. तिच्यासाठी पान बुडवून करायची पद्धत सोपी आहे. एरंडाच्या कोवळ्या नाहीत आणि जून नाहीत अशा पानांचे सारख्या आकाराचे गोल तुकडे कापा. चिमट्याने देठाकडची कड धरून तुकडा १० सेकंद द्रावणात हलकेच फिरवा, उभा धरून निथळू द्या आणि टिश्यू पेपरवर सुकत ठेवा. सुरुवात कंट्रोलपासून करा, मग सगळ्यांत कमी तीव्रता, शेवटी सगळ्यांत जास्त. उलट्या क्रमाने गेलात, तर चिमट्याला लागलेलं औषध खालच्या तीव्रतेत उतरतं आणि रेषा उगाच आडवी होते.

पान पूर्ण सुकल्यावरच अळी सोडा. ओल्या पानावर तिसऱ्या अवस्थेतली अळी थेंबात अडकते, आणि तिचा मृत्यू औषधाच्या नावावर मांडला जातो. डब्याच्या तळाशी ओलसर फिल्टर पेपर ठेवला की तुकडा कोमेजत नाही. तापमान २५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवा. घाटे अळीवर काम करत असाल तर प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात हवी, कारण ती एकमेकींना खाते आणि मग मेलेली कशाने मेली, हे कुणालाच सांगता येत नाही.

मोजताना मेली कोणती? बारीक ब्रशच्या टोकाने अळीला उताणी करा. थोडा वेळ थांबा. ती पलटून पायांवर आली तर जिवंत. नुसते पाय थरथरले, तोंड हललं, पण अंग पलटवता आलं नाही, तर तिचं काय करायचं हा नियम चाचणी सुरू होण्याआधी वहीत लिहिलेला हवा. सहसा अशा अळीला मेलेलीच धरतात. एमामेक्टिन दिलेल्या अळ्यांत हा प्रश्न रोज येतो. त्या लुळ्या पडतात, पण ब्रश लावला की हलतात. डब्यांवर औषधाचं नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक लिहा आणि शक्य असेल तर मोजणी दुसऱ्याकडून करून घ्या. औषध कोणतं ते माहीत असलं की डोळा आपोआप एका बाजूला झुकतो.

पुनरावृत्तीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एकाच दिवशी, एकाच द्रावणातून भिजवलेले चार डबे म्हणजे चार खऱ्या पुनरावृत्ती नव्हेत. द्रावण करताना चूक झाली असेल तर ती चारही डब्यांत सारखीच उतरते. पूर्ण चाचणी निदान तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, ताजी द्रावणं आणि नव्या अळ्या घेऊन करा.

पायरी ५: कंट्रोलमधली मरतूक वजा करणे

कंट्रोलमध्येही काही अळ्या मरतात. त्या बाजूला काढायची रीत डब्ल्यू. एस. ॲबट यांनी १९२५ साली मांडली:

सुधारित मरतूक = (औषधातली मरतूक − कंट्रोलमधली मरतूक) ÷ (१०० − कंट्रोलमधली मरतूक) × १००

औषधात ५४ टक्के मेल्या आणि कंट्रोलमध्ये ८ टक्के, तर (५४ − ८) ÷ ९२ × १००, म्हणजे ५० टक्के. साधी वजाबाकी करून ४६ म्हणणं चूक आहे. जी ८ टक्के कीड तशीही मरणार होती, ती औषधाच्या परीक्षेला बसलीच नव्हती.

डासांच्या चाचण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला दंडक असा होता: कंट्रोलची मरतूक ५ टक्क्यांच्या आत असेल तर दुरुस्ती नको, ५ ते २० च्या दरम्यान ॲबटचं सूत्र, २० च्या वर गेली तर चाचणी बाद. पिकांवरच्या किडींसाठी मी याहून कडक राहीन. १० टक्क्यांच्या वर गेली की आधी अळ्यांची वसाहत तपासा. रोगट वसाहतीतून आलेलं एलसी५० सूत्राने शुद्ध होत नाही.

चांगली सॉफ्टवेअर कंट्रोलची मरतूक रेषेबरोबरच मोजतात. तशी सोय असेल तर आधी ॲबट लावून आकडे देऊ नका, कच्च्या संख्याच द्या: किती ठेवल्या, किती मेल्या.

पायरी ६: वाकडी रेघ सरळ करणे

तीव्रतेचा लॉग आडव्या अक्षावर आणि टक्केवारी उभ्या अक्षावर मांडली, की इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा येते. कारण असं की प्रत्येक अळीची सहनशक्ती वेगळी असते, आणि लॉगवर पाहिली तर ती साधारण घंटेच्या आकारात पसरलेली असते. मधल्या तीव्रतेला थोडी वाढ केली की भराभर मरतात, टोकांना तीच वाढ फारसं काही करत नाही.

ही वक्ररेषा सरळ करण्याची युक्ती चेस्टर ब्लिस या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९३४ साली ‘प्रोबिट’ या नावाने मांडली. मंदीत सरकारी नोकरी गेल्यावर ते लंडनला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्याकडे कामाला गेले होते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन गॅडम यांनी १९३३ मध्ये याच धर्तीची पद्धत सुचवली होती. टक्केवारीऐवजी प्रसामान्य वक्रावरचं तिचं स्थान घ्यायचं आणि ऋण आकडे टाळण्यासाठी त्यात ५ मिळवायचे. ५० टक्के म्हणजे प्रोबिट ५, ८४ टक्के म्हणजे जवळजवळ ६, १६ टक्के म्हणजे जवळजवळ ४. आजची सॉफ्टवेअर ते ५ मिळवत नाहीत. जुन्या प्रबंधातला छेद (रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते तो आकडा) आणि तुमचा छेद यांत नेमका ५ चा फरक दिसला तर घाबरू नका.

आता एक उदाहरण. आकडे मुद्दाम समतोल घेतले आहेत, म्हणजे हाताने पडताळता येईल. प्रत्येक तीव्रतेला ४० अळ्या, कंट्रोलमध्ये एकही मेली नाही.

औषध ‘अ’: १, २, ४, ८, १६ पीपीएम. मेल्या ३, १०, २०, ३०, ३७.
औषध ‘ब’: २.५, ५, १०, २०, ४० पीपीएम. मेल्या ४, ११, २०, २९, ३६.

‘अ’ची टक्केवारी ७.५, २५, ५०, ७५, ९२.५, आणि प्रोबिट ३.५६, ४.३३, ५, ५.६७, ६.४४. आलेखावर बिंदू जवळजवळ एका ओळीत बसतात. पण पट्टी ठेवून रेषा मारायची नाही, आणि एक्सेलमध्ये साधी रेषाही बसवायची नाही. ५० टक्क्यांजवळचा बिंदू ९२.५ जवळच्या बिंदूपेक्षा जास्त भरवशाचा असतो, त्याला वजन जास्त द्यावं लागतं. हे वजन रेषेवर अवलंबून आणि रेषा वजनावर, म्हणून हिशोब पुन्हा पुन्हा करत नेमका करावा लागतो. पूर्वी कोष्टकं घेऊन यात दिवस जात. आता ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं जीएलएम हे फंक्शन क्षणात उत्तर देतं: फॅमिली बायनोमियल, लिंक प्रोबिट, आणि प्रतिसाद म्हणून मेलेल्या व जिवंत असे दोन रकाने. टक्केवारी देऊ नका. टक्केवारी दिली की प्रत्येक बिंदूमागे किती अळ्या होत्या ही माहितीच हरवते. एसपीएसएसमध्येही प्रोबिटचा पर्याय आहे.

उत्तर असं येतं: ‘अ’चा उतार २.३४, एलसी५० ४ पीपीएम, ९५ टक्के विश्वास मर्यादा (खरं मूल्य ज्या पट्ट्यात असण्याचा ९५ टक्के भरवसा धरतात तो) ३.२७ ते ४.८९. ‘ब’चा उतार २.०९, एलसी५० १० पीपीएम, मर्यादा ८.०३ ते १२.४५. फिलर यांच्या पद्धतीने काढलेल्या मर्यादा किंचित रुंद येतात, ‘अ’साठी ३.२५ ते ४.९२. कोणती पद्धत वापरली ते लिहून ठेवा.

उताराकडे दुर्लक्ष करू नका. उतार चढा म्हणजे सगळ्या अळ्या जवळपास सारख्याच सहनशील. उतार सपाट म्हणजे मिश्र जमाव: काही लगेच मरणाऱ्या, काही चिवट. शेतातून आणलेल्या अळ्यांत सपाट उतार दिसला तर प्रतिकारशक्तीची सुरुवात झाली आहे का, हे पाहायला हवं.

पायरी ७: रेषा बसली का?

प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर, हे काय-स्क्वेअर सांगतो. पाच तीव्रता, रेषेसाठी दोन आकडे खर्च, म्हणून स्वातंत्र्यांश ३. मूल्य ७.८१ च्या वर गेलं तर रेषा नीट बसलेली नाही. आपल्या उदाहरणात ते अगदी नगण्य येतं. खऱ्या आकड्यांत एवढं सुबक कधी येत नाही, आणि आलं तर वही पुन्हा तपासा.

मूल्य मोठं आलं तर आधी आलेख बघा. बिंदू एखाद्या वाकड्या रेषेवर ओळीने बसलेत का? मग प्रोबिट रेषाच चुकीची आहे. नुसतेच विखुरलेत का? मग डब्याडब्यांत, दिवसादिवसांत फरक आहे. अशा वेळी काय-स्क्वेअरला स्वातंत्र्यांशाने भागून विषमता-गुणक काढतात, त्याने विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) गुणतात आणि ९५ टक्के मर्यादांसाठीच्या १.९६ या नेहमीच्या गुणकाऐवजी टी-कोष्टकातला आकडा वापरतात. तीन स्वातंत्र्यांशांना टी ३.१८ असतो, म्हणजे मर्यादा खूप रुंदावतात. निकाल कमजोर दिसेल, पण तो खरा असेल.

पायरी ८: रेषा समांतर आहेत का?

तुलनेचा गाभा इथे आहे, आणि प्रबंधांतून सगळ्यांत जास्त वगळली जाते तीही हीच पायरी.

दोन रेषा समांतर असतील, तरच ‘अ हे ब च्या अमुक पट प्रभावी’ या वाक्याला एकच अर्थ राहतो. समजा ‘क’ औषधाचं एलसी५० ४ पीपीएम आणि उतार १.५, तर ‘ड’चं एलसी५० ८ आणि उतार ३. एलसी५० पाहिलं तर ‘क’ दुप्पट प्रभावी. आता एलसी९० काढा: ‘क’चं सुमारे २८.६, ‘ड’चं सुमारे २१.४. क्रम उलटला! शेतकऱ्याला निम्म्या अळ्या मारून भागत नाही, त्याला ९० टक्के मारायच्या असतात, म्हणजे त्याच्या कामाचं औषध ‘ड’. एलसी५० च्या तक्त्यात मात्र ‘ड’ खाली दिसेल.

तपासायचं कसं? एकत्र आकडे घेऊन दोन मॉडेल बसवा. पहिल्यात दोन्ही औषधांना वेगळे उतार, दुसऱ्यात एकच सामाईक उतार. दोन्हींच्या डेव्हियन्समधला (मॉडेल आकड्यांपासून किती दूर राहिलं याच्या मापातला) फरक ३.८४ पेक्षा कमी असेल, तर वेगळे उतार मानायला आधार नाही. आपल्या ‘अ’ आणि ‘ब’मध्ये हा फरक सुमारे ०.४ येतो. सामाईक उतार २.२१ धरून पुढे जा.

समांतर नसतील तर? एकच गुणोत्तर देण्याचा मोह सोडा. एलसी५० ला वेगळं आणि एलसी९० ला वेगळं गुणोत्तर द्या, दोन्हींच्या मर्यादांसह, आणि दोन्ही रेषांचा आलेख छापा.

पायरी ९: गुणोत्तर आणि त्याच्या मर्यादा

‘ब’चं एलसी५० भागिले ‘अ’चं एलसी५०: १० ÷ ४ = २.५. ‘अ’ हे ‘ब’च्या अडीच पट प्रभावी. हीच सापेक्ष क्षमता. कीटकशास्त्रज्ञ युन-पेई सुन यांनी १९५० मध्ये मांडलेला टॉक्सिसिटी इंडेक्स याचंच दुसरं रूप आहे. ‘अ’ला १०० धरलं तर ‘ब’ला ४०. पण त्याला मर्यादा जोडत नाहीत, म्हणून तो एकटा देण्यात मला अर्थ वाटत नाही.

मर्यादा हाताने काढता येतात. प्रत्येक एलसी५० च्या वरच्या आणि खालच्या मर्यादेचा लॉग घ्या, वजाबाकी करा आणि ३.९२ ने (१.९६ च्या दुपटीने) भागा. ही लॉगवरची प्रमाण त्रुटी. ‘अ’ची येते ०.०४४६, ‘ब’ची ०.०४८५. दोन्हींचे वर्ग करून मिळवा, वर्गमूळ घ्या: ०.०६५९. त्याला १.९६ ने गुणा: ०.१२९. आता २.५ चा लॉग ०.३९८. त्यातून ०.१२९ वजा केले तर ०.२६९, मिळवले तर ०.५२७. उलटा लॉग घेतला की १.८६ आणि ३.३७. म्हणून निकाल: ‘अ’ २.५ पट प्रभावी, ९५ टक्के मर्यादा १.८६ ते ३.३७. या मर्यादांत १ येत नाही, म्हणजे फरक खरा मानायला हरकत नाही.

‘विश्वास मर्यादा एकमेकांवर चढतात का ते बघा, चढत असतील तर फरक नाही’ हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तो अर्धवट आहे. मर्यादा चढत नसतील तर फरक आहे, इथपर्यंत बरोबर. चढत असतील तर फरक नाही, हे मात्र चूक. तिसरं औषध ‘इ’ घ्या: एलसी५० ५.८, मर्यादा ४.६६ ते ७.२२. ‘अ’च्या ३.२७ ते ४.८९ वर ती थोडी चढते. जुन्या सल्ल्याने ‘फरक नाही’ म्हणून विषय संपला असता. गुणोत्तर काढा: १.४५, मर्यादा १.०८ ते १.९५. यात १ नाही. फरक आहे! कारण दोन स्वतंत्र त्रुटींची बेरीज वर्गांनी होते, सरळ नाही, आणि चढाओढ बघताना आपण ती नकळत सरळ करत असतो.

सात औषधं असतील तर जोड्या २१ होतात. प्रत्येक जोडी तपासत बसलात, तर एखाद-दुसरी निव्वळ योगायोगाने ‘खरी’ निघेल. त्यापेक्षा एक प्रमाण औषध आधी ठरवा, बाकी सहांची तुलना फक्त त्याच्याशी करा.

प्रतिकारशक्ती मोजताना हेच गणित वापरतात. शेतातल्या वसाहतीचं एलसी५० भागिले संवेदनशील प्रयोगशाळा वसाहतीचं एलसी५०, म्हणजे प्रतिकार गुणोत्तर. गुलाबी बोंडअळीने क्राय१एसी या बीटी प्रथिनाला दाद देणं सोडल्याची २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालेली नोंद आणि २०१७ च्या खरिपात आपल्याकडच्या कापसाचं झालेलं नुकसान आठवलं, की हे गुणोत्तर वेळेवर आणि मर्यादांसह काढणं किती गरजेचं आहे ते कळतं. गुणोत्तर ३ आलं आणि मर्यादा ०.८ ते ११, तर ‘प्रतिकारशक्ती तिप्पट’ असं लिहू नका. लिहा की अळ्या अपुऱ्या होत्या, पुन्हा चाचणी हवी.

प्रयोगशाळेतून शेताकडे जाताना

कमी पीपीएमला मारणारं औषध शेतात सरस ठरेलच असं नाही. ऊन, पाऊस, पानावर टिकणं, किडीपर्यंत पोचणं, यातलं काहीही पेट्रीडिशमध्ये नसतं. शिवाय शिफारशीच फार वेगळ्या असतात. कापसावर एमामेक्टिन हेक्टरी १० ग्रॅमच्या आसपास क्रियाशील घटक लागतं, क्विनॉलफॉससारखं जुनं औषध काहीशे ग्रॅम. म्हणून शिफारस केलेल्या फवारणी द्रावणाची तीव्रता भागिले एलसी९० असंही एक गुणोत्तर काढून ठेवा. शेतात हाताशी किती राखीव ताकद आहे, ते त्यातून दिसतं.

आणि किडीसाठीचं एलसी५० म्हणजे माणसासाठीचा धोका नव्हे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण सस्तन प्राण्यांवरच्या एलडी५० वरून ठरतो: तोंडावाटे किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तुमच्या तक्त्यातलं ‘सर्वांत प्रभावी’ हे विशेषण कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यापर्यंत पोचतं. त्याच्या शेजारी त्रिकोणाचा रंगही लिहा.

हात बसवण्यासाठी खरे आकडे

स्वतःचे आकडे घालण्याआधी सॉफ्टवेअर आपण बरोबर चालवतो आहोत का, हे तपासायला ब्लिस यांचे १९३५ चे आकडे घ्या. पिठातल्या भुंगेऱ्यांना, म्हणजे ट्रायबोलियमला, पाच तास कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत ठेवलं होतं.

तीव्रतेचा लॉग: १.६९०७, १.७२४२, १.७५५२, १.७८४२, १.८११३, १.८३६९, १.८६१०, १.८८३९.
ठेवलेले: ५९, ६०, ६२, ५६, ६३, ५९, ६२, ६०.
मेलेले: ६, १३, १८, २८, ५२, ५३, ६१, ६०.

एकूण ४८१ भुंगेरे, २९१ मेले. प्रोबिट बसवल्यावर उतार १९.७ च्या आसपास, छेद −३४.९ आणि एलसी५० चा लॉग १.७७१ यायला हवा, म्हणजे लिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम. डेव्हियन्स १०.१२, स्वातंत्र्यांश ६. तुमचा छेद −३० च्या आसपास दिसला तर सॉफ्टवेअर ५ मिळवतं आहे असं समजा.

मग लिंक, म्हणजे वक्ररेषा सरळ करणारं रूपांतर, बदलून बघा. प्रोबिटशिवाय लॉजिट आणि कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉग अशी आणखी दोन रूपांतरं असतात. लॉजिटने डेव्हियन्स ११.२३ येतो, कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉगने ३.४५. म्हणजे या आकड्यांना प्रोबिटपेक्षा तिसरी रेषा कितीतरी चांगली बसते, कारण वरच्या टोकाला मरतूक खालच्या टोकापेक्षा वेगाने चढते. तिन्ही रेषांचे एलसी५० काढून शेजारी मांडा, मग एलसी९९ काढून मांडा. पहिले तीन आकडे एकमेकांजवळ राहतात, दुसरे तीन फाकतात.